शलाकेचं चौथं उत्तर

एका राज्यात पाणी खारट झालं होतं. विहिरींचं झालं, तळ्यांचं झालं, नदीचंसुद्धा झालं. कालकेतू नावाच्या मांत्रिकानं राज्याचा जलमणी पळवून काळ्या डोंगराच्या पोटात ठेवला होता. तेव्हापासून आया पहाटे पानांवरचं दंव गोळा करत आणि लेकरांना पाजत. मणी आणायला एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडीच आली पाहिजे, हा कालकेतूचा नियम. कैक जोड्या गेल्या. परत कुणी आलं नाही.

मग राजा विजयध्वजानं आपल्या धनुर्धरांची नायिका शलाका हिला पाठवलं. सोबत दिला आपला भाचा उदयभान. दोघं सीमेवर खांद्याला खांदा लावून लढली होती. शलाकेला तो आवडे, चांगला सोबती आवडावा तसा. त्याहून अधिक काही तिच्या मनात नव्हतं, आणि ते नसल्याची तिला खंतही नव्हती.

डोंगराच्या पायथ्याशी एक साळुंकी उडत आली आणि शलाकेच्या खांद्यावर बसली.

"मी कालकेतूची साळुंकी," ती म्हणाली. "डोंगर तुला प्रश्न विचारील. उत्तरं मी सुचवीन. तीन सुचवीन, त्यांतलं एक तू निवडायचं."

"आणि माझं उत्तर वेगळं असलं तर?"

"तशी इथं रीत नाही."

पहिल्या दारापुढे आगीची दरी होती. शलाकेनं दोर बांधलेला बाण पलीकडच्या खडकात रोवला आणि दोघं त्या दोराला लटकत पार गेली. दाराला दगडी ओठ होते. ते हलले.

"या पुरुषाचं रूप तुला कसं वाटतं?"

"सूर्यासारखं," साळुंकीनं सुचवलं. "चंद्रासारखं. किंवा, सांगायला लाज वाटते."

शलाकेला हसू आलं. पुढं जायची घाई होती. "चंद्रासारखं," ती म्हणाली. दार उघडलं, आणि खडकातून एक सोनेरी धागा निघाला. त्याचं एक टोक तिच्या मनगटाला वेढलं, दुसरं त्याच्या.

दुसऱ्या दाराशी एक सर्प होता, ताडाएवढा लांब. शलाकेनं त्याचे डोळे फोडले, उदयभाननं मान तोडली. पण मरता मरता सर्पाचा दात उदयभानच्या पोटरीत रुतला. शलाकेनं जखम धुतली, पाला ठेचून बांधला आणि ताप उतरेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. या वेळी दारानं काही विचारलंच नाही. "तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं," असं म्हणून ते आपण होऊन उघडलं. धागा दोघांच्या खांद्यांपर्यंत चढला.

"मी जखम बांधली," शलाका म्हणाली. "दुसरं काही केलं नाही."

"डोंगर त्यालाच प्रेम म्हणतो," साळुंकी म्हणाली.

पुढच्या वाटेवर उदयभाननं पाणी मागितलं. शलाकेनं दंवाच्या पाण्याची पिशवी उचलली आणि तिचा हात मध्येच थांबला. तहानलेल्या सोबत्याला पाणी देण्याआधी आपण विचार करतो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं. सर्पाची भीती तिला वाटली नव्हती, या थांबलेल्या हाताची वाटली. तिनं पिशवी त्याच्या हातात दिली. धागा गळ्यापाशी आला.

"शलाके, तुझ्या पापण्यांच्या सावलीत माझे प्राण..." उदयभान बोलू लागला, आणि त्यानंच आपलं तोंड हातानं दाबून धरलं. मग हात काढून तो हळूच म्हणाला, "हे शब्द माझे नाहीत. तोंड माझं आहे, बोलतंय दुसरंच कुणी."

"मला कळलं ते," शलाका म्हणाली. "चला."

डोंगराच्या पोटात मोठं दालन होतं. मधल्या चौथऱ्यावर जलमणी, त्यामागे आसनावर कालकेतू, आणि भिंतीलगत दगड झालेल्या जोड्या. प्रत्येक जोडीचे हात एकमेकांत, तोंडं मात्र दोन दिशांना. हवेत दोन वरमाला तरंगत होत्या.

"तिसरी कामगिरी सोपी आहे," कालकेतू म्हणाला. "याला पती म्हणून वर. मणी तुझा."

साळुंकी पुटपुटली, "हो. जशी आपली आज्ञा. किंवा, राज्यासाठी मी तयार आहे."

"हे सगळे हो म्हणाले होते?" शलाकेनं दगडांकडे बोट दाखवलं.

"सगळे. पण मनापासून कुणीच नाही. तू मनापासून म्हण."

"आणि नाही म्हटलं तर?"

"मणी फोडीन. राज्य तहानेनं मरेल. ते तुझ्या माथी."

शलाकेला पहाटे दंव टिपणाऱ्या आया आठवल्या. पण तिनं कालकेतूला उत्तर दिलं नाही. ती उदयभानकडे वळली.

"तुमच्या मनात काय आहे? तुमचं स्वतःचं सांगा."

धागा त्याच्या जिभेला ओढत होता. "माझ्या मनात तुम्ही आहात," तो अडखळत म्हणाला. "इथं येण्याआधीपासून. पण आता त्यातलं माझं किती आणि या धाग्याचं किती, मला उमगत नाही. धाग्यानं मिळणार असेल, तर मला नको."

"मग ऐका. मी तुमची सोबतीण आहे. तुमची पत्नी मी होणार नाही. राज्यासाठी नाही, तुमच्या दुःखासाठीही नाही."

उदयभानचा चेहरा उतरला. पण त्यानं नजर वळवली नाही. "ऐकलं," तो म्हणाला.

धागा गळून पडला.

"असं उत्तर नाहीच," कालकेतू म्हणाला. त्यानं मणी उचलला, फोडायला हात वर नेला, आणि हात तिथंच लुळा पडला. फार पूर्वी एका राणीनं त्याला नाही म्हटलं होतं. ते त्यानं ऐकलं नव्हतं, आणि त्या न ऐकण्यावरच त्याची सगळी विद्या उभी होती. आता त्याच्याच दालनात एक नकार उच्चारला गेला होता आणि ऐकलाही गेला होता. मणी घरंगळत शलाकेच्या पायाशी आला. आसनावर एक थकलेला म्हातारा उरला. भिंतीलगतच्या दगडांनी श्वास घेतला आणि आधी एकमेकांचे हात सोडले.

"आता मी काय बोलू?" साळुंकीनं विचारलं.

"तुला वाटेल ते."

साळुंकीनं बराच विचार केला. "मला भूक लागली आहे," ती म्हणाली.

मणी परत आला आणि पाणी गोड झालं. राजवाड्यापुढे मांडव घातलेला होता, सनई वाजत होती.

"शलाके," राजा म्हणाला, "प्रजा वाट पाहते आहे. एवढ्या पराक्रमाचा शेवट लग्नानंच व्हायचा. माझी तशी आज्ञा आहे."

शलाकेनं धनुष्य उतरवून राजाच्या पायाशी ठेवलं. "महाराज, हे पद आपण दिलंत, आपण परत घ्या. पण पराक्रम माझा आहे, त्याचा शेवटही मीच ठरवीन. मांत्रिकाला नाही म्हटलं, आपल्यालाही नाहीच म्हणते."

उदयभान पुढे आला. "मामा, त्यांनी मला विचारलं होतं आणि मला सांगितलंही होतं. आपण निदान विचारा तरी."

त्याच्यामागे डोंगरातून आलेली सगळी माणसं उभी राहिली, एक एक करून. राजानं त्यांच्याकडे पाहिलं. मग तो सिंहासनावरून उतरला, धनुष्य उचललं आणि शलाकेच्या हाती दिलं. "मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

मांडवात त्या दिवशी सगळ्या गावानं जेवण केलं. सुटलेल्या जोड्यांतले बहुतेक आपापल्या वाटेनं गेले. एका जोडीनं मात्र एकमेकांना नव्यानं विचारलं आणि लग्न केलं. उदयभान पूर्वेच्या सीमेवर गेला. मोकळेपणानं हसता येऊ लागलं तेव्हा परत आला, आणि शलाका त्याला आणायला वेशीपर्यंत गेली.

तिचं 'नाही' ऐकलं गेलं. तसंच तुमचं ऐकलं जावो, आमचं ऐकलं जावो, आणि हो म्हणायचं ते माणसाच्या स्वतःच्या तोंडून निघो.