ठकूबाईच्या उपाशी माश्या

तर, डोंगरावर राहायची एक ठकूबाई. एकटीच. अंगणात तिची एक मधपेटी होती, आणि पेटीतल्या माश्यांवर तिचा भारी जीव. सुखदुःख सांगायची ती त्यांनाच. ए चिंगे, चुळबूळ नको, ऐक.

एकदा काय झालं, आषाढात तिचा जावई आला. पावसाळ्यातला मध माश्यांचा, त्याला हात लावायचा नाही, ही डोंगरची रीत. पण जावयाला पोळीशी मध नको का? ठकूबाईने शेवटचं पोळं पिळलं. जावई म्हटला की अक्कल चुलीत जाते, बरं का!

जावई गेला आणि पाऊस धरून बसला. रानात एक फूल नाही. मग राणीमाशी बाहेर आली आणि चक्क माणसासारखी बोलली, "ठकूबाई, घरात खायला कण नाही. तीन दिवस वाट बघू. चौथ्या दिवशी घर सोडू."

ठकूबाईला घास गिळवेना, एका जागी बसवेना. चुलीपासून पेटीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या.

पहिल्या दिवशी तिने गुळाचं पाणी ठेवलं. आपल्याला गोड लागतं ते, पण माश्यांची पोटं बिघडली. मग दुसऱ्या दिवशी तिने साखरेचा पाक केला आणि परातभर अंगणात ठेवला. झाली की पंचाईत! वासाने रानातल्या परक्या माश्या आल्या, मुंग्या आल्या, नुसती मारामारी. तिच्या किती माश्या पाकात बुडून मेल्या. "माझ्याच हाताने मारलं गं तुम्हाला!" ठकूबाई ढसाढसा रडली.

तिसऱ्या दिवशी ती पेटीपाशी खालीच बसली. "बायांनो, तुम्हीच सांगा, कसं वाढू?"

"बाळंतिणीला कसं वाढतेस?" राणीमाशी म्हणाली. "घरात नेऊन, दार लावून ना?"

मग ठकूबाईने साखर-पाणी सारखं घेतलं आणि कोमट पाक केला. वाटीत काड्या टाकल्या, माश्यांना पाय ठेवायला. दिवेलागणीला वाटी पेटीच्या आत ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

चौथ्या दिवशी उजाडलं, पाऊस उघडला, आणि काय सांगू! सगळ्या माश्या भुर्रकन बाहेर. ठकूबाई धावली, त्यांना झाकायला हातात घोंगडंही घेतलं. मग थांबली. घोंगडं खाली ठेवून तिने हात जोडले. "जा बायांनो. उपाशी नाही गेलात, मला एवढं पुरे."

माश्या अंगणावर फिरल्या. एकदा, दोनदा, तीनदा. मग एकेक करून परत पेटीत शिरल्या.

"अगं वेडे," राणीमाशी म्हणाली, "पोट भरल्यावर पंख मोकळे करायला आलो होतो."

ठकूबाई हसली काय, रडली काय, तिचं तिलाच कळेना. रानात फुलं येईपर्यंत तिने रोज वाटी भरली. मग त्या माश्या तिथेच सुखाने नांदल्या. झाली गोष्ट. पांघरुणं ओढा आणि गप डोळे मिटा बघू.