वाघजांभळीचे दोन थोरले

वाघजांभळीत जुळे मुलगे झाले की दोघांच्याही पायात काळा दोरा बांधतात आणि दोघांनाही थोरलाच म्हणतात. मग धाकटा कोण, असे पाहुण्याने विचारले की गावकरी आधी पोटभर हसतात आणि मग सांगायला बसतात.

इंग्रजी अमदानीत घाटरस्त्याच्या कामावर थॉर्नवुड नावाचा साहेब इथल्या बंगल्यात राहत असे. त्याच्या कुठल्याशा पूर्वजाने म्हणे खड्ड्यात पडलेल्या राजाला ओढून वर काढले. राजाने खूश होऊन त्याला लॉर्ड केले, तेही वंशपरंपरेने. अट एकच, किताब, वाडा, जमीन सगळे थोरल्या मुलाला. राजाला खड्डा दिसला नाही, त्यावर पुढच्या साऱ्या पिढ्या बसून खात होत्या. साहेबाचा थोरला भाऊ निपुत्रिक वारला, किताब साहेबाकडे आला आणि त्याच महिन्यात मडमेला जुळे मुलगे झाले. डॉक्टर घाटाखालीच अडकला होता, म्हणून गावची सुईण तान्हूबाई हिला बोलावले.

साहेबाने खानसाम्याकरवी बजावले, "थोरल्याच्या पायात खूण बांध." तिने काळा दोरा बांधला. साहेबाने आनंदाने बंदुकीचे बार काढले, विलायतेला तार धाडली. जरा हुशारी आल्यावर मडम पाहते, तर दोरा मागून जन्मलेल्याच्या पायात!

"मंग? त्योच थोरला," तान्हूबाई म्हणाली. "कणगीत आदी टाकलेलं दाणं शेवटाला निघत्यात. आदी पोटात आला, त्यो मागनं भाईर येतो."

साहेब लालबुंद झाला. दोरा सोड म्हणून ओरडू लागला. तेवढ्यात राघोजी पाटील धापा टाकत आला आणि तिच्या कानाशी लागला, "तान्हूआक्का, सोडू नगंस गं!" तोही जुळ्यातला, मागून जन्मलेला. तान्हूबाईच्या सासूने याच हिशेबाने त्याला थोरला ठरवले होते, म्हणून पाटीलकी त्याच्याकडे होती.

तान्हूबाई काही बधणारी नव्हती. पण तिने सहज विचारले, "आन् दुसऱ्याला काय मिळतंय?"

खानसाम्याने साहेबाला विचारले आणि खाली मान घालून सांगितले, "काही नाही."

तान्हूबाईने दोघांकडे पाहिले. दोन्ही लेकरे तिच्याच हातांनी जगात आलेली. एकाला सगळे आणि एकाला भोपळा, आणि तेही तिच्या दोऱ्यापायी!

तिने दोरा सोडला, त्याचे दोन तुकडे केले आणि एकेक दोघांच्या पायात बांधला. मग दोघांना न्हाऊ घालून, एकाच दुपट्यात गुंडाळून मडमेच्या कुशीत दिले. त्यातला कोण कुठला हे आता तिलाही सांगता येईना.

"दोगंबी थोरलं," ती म्हणाली. "सायबाला सांगा, आता काय ते वाटून खा म्हनावं."

साहेब कपाळाला हात लावून बसला. मडमेने मात्र अंगात त्राण नसताना तान्हूबाईचा हात घट्ट धरला आणि ती हसता हसता रडली. पुढे विलायतेत लॉर्ड कोण झाला, ते गावाला कधी कळले नाही.

दुसऱ्या सकाळी पाटलाचा जुळा भाऊ येसाजी पायात काळा दोरा बांधून चावडीत आला आणि पाटलाच्या गादीवर मांडी ठोकून बसला. पाटलाने तान्हूबाईला बोलावणे धाडले. ती आली आणि दोघांकडे पाहून म्हणाली, "वाईच सरकून बसा की पाटील. दोगं मावताय."

आजही वाघजांभळीच्या चावडीत पाटलाची गादी शिवतात, ती दोघांच्या मापाची.