हातावर पाणी

"दार लावलं म्हणजे? कुणी लावलं?" कृपाबाईंनी विचारलं.

"हिराच्या सासूनं, त्या भागाबाईनं. तोंडावर लावलं, बाई! मी काय भीक मागायला गेले होते?"

कृपाबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. चोळतच राहिल्या.

मी नर्सिंगच्या वर्गात पहिली आले होते आणि ते कुणाला विसरू देत नव्हते. कृपाबाई शिरसाठ आमच्या शिक्षिका. सदतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या, पण नगरला घरी गेल्या नाहीत. डोंगरातल्या आरोग्य केंद्राशेजारी खोली घेतली आणि आमच्यासारख्या पोरींना शिकवत बसल्या.

"हिरा कशी आहे?"

"आठवा महिना. पाय सुजलेत, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय. रक्तदाब एकशे सत्तर. आजच्या आज तालुक्याला नेली नाही तर झटके येतील. दोन्ही जीव जातील, बाई. मी सगळं नीट सांगितलं, अगदी पुस्तकातल्यासारखं."

"आणि पाणी?"

"कसलं पाणी?"

"गेल्या गेल्या तिनं तांब्या पुढं केला असेल."

"केला. मी म्हटलं नको, माझी बाटली आहे. न उकळलेलं पाणी पिऊ नका, हे तुम्हीच तर शिकवलंत..."

"मीच शिकवलं," त्या म्हणाल्या.

...

मग तेलाच्या बाटलीला बूच लावलं. "चल."

"ती दार उघडायची नाही."

"तर दारात बसू. चल म्हटलं ना!"

निघण्यापूर्वी मी केंद्रात साबणानं हात धुतले. दोनदा. कोपरापर्यंत. बाईंनी ते पाहिलं.

आता आमच्या शाळेत त्यांचा फोटो आहे. खाली कुणीतरी 'सेवामूर्ती' असं लिहून ठेवलंय. मूर्ती कसली डोंबलाची! मूर्ती एका जागी बसते. ही बाई सत्तराव्या वर्षी, टळटळीत उन्हात, तो दुखरा गुडघा घेऊन अख्खा चढ चढली. जीप खाली रस्त्यावरच राहिली होती. मी दोनदा म्हटलं, थोडं बसा. त्यांनी ऐकलं नाही. त्यांची आठवण आली की मला तो चढच आठवतो.

भागाबाई ओट्यावर उभी होती. ती वाडीतली सुईण. निम्मी वाडी तिच्या हातावर जन्मलेली. मला बघून तिनं तोंड फिरवलं.

"परत आणलीस व्हय हिला?"

"आणली," बाई म्हणाल्या. "हिचे हात धुवायचे राहिलेत. पाणी घालता का?"

मी पुटपुटले, "बाई, मी धुऊनच आलेय. तुमच्यासमोर..."

"परत धू."

माझा चेहरा लाल झाला असणार. मी वाकून ओंजळ धरली. भागाबाई हलली नाही. मी तशीच वाकून राहिले. पाठ अवघडली, रडू यायला लागलं, पण सरळ होण्याची माझी हिंमत झाली नाही.

...

मग वरून धार पडली. गार पाणी होतं. मी साबण लावला, तिनं परत पाणी घातलं. नखांकडं बोट दाखवून म्हणाली, "हितं ऱ्हायलंय." मी तेही धुतलं.

बाईंनी तिच्या हातातून तांब्या घेतला. "आता तुमचे. पोरीला तुम्हीच बघायचंय."

"म्या?"

"मग कोण? या वाडीत तुमच्यापेक्षा जास्त बाळंतपणं कुणी केलीत?"

भागाबाईनं हात धुतले. आम्ही तिघी आत गेलो. हिरा भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. बाईंनी सांगितलं तसं भागाबाईनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. तो भरून येईना.

भागाबाई त्या खळग्याकडं बघतच राहिली.

"असाच पाय माझ्या धाकट्या भनीचा हुता," ती म्हणाली. "म्याच बसले हुते तिच्यापाशी..."

मला तोंड उघडायचं होतं. रक्तदाबाचा आकडा जिभेवर होता. बाईंनी नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि मी गप्प बसले.

"तुम्ही सांगा, भागाबाई. काय करायचं?"

"करायचं काय! न्यायला पायजे. आत्ताच्या आत्ता!" आणि ती माझ्यावरच ओरडली, "बघत काय बसलीस? धर तिला त्या बाजूनं!"

झोळी करून वाडीतल्या चौघांनी हिराला खाली आणलं. जीपमध्ये तिचं डोकं भागाबाईच्या मांडीवर होतं.

तालुक्याच्या दवाखान्यात भागाबाई हिराबरोबर आत गेली, आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. तास गेला. दुसरा गेला. बाईंचा गुडघा सुजून टम्म झाला होता, पण उठून घरी जायचं नावच नाही.

शेवटी दार उघडलं. भागाबाई बाहेर आली. पदर तोंडाला लावला होता.

"दोघी हायेत," ती म्हणाली. "नात झाली. टीचभर हाय, पण वरडतीया."

मी मोठ्यानं रडले, अगदी लाज सोडून. भागाबाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत आत गेली.

जरा सावरल्यावर मी बाईंना विचारलं. माझा पहिला नंबर अजून थोडा शिल्लक होता.

"बाई, माझे हात स्वच्छच होते. तुम्ही पाहिलं होतंत. मग परत का धुवायला लावलेत?"

त्या गुडघा चोळत होत्या.

"केंद्रात नुसते जंतू गेले होते, शालन."