पाच नंबरचं घरटं

फार पूर्वी, विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरणींची वस्ती होती. तिथे घरटं विणायच्या प्रत्येक नव्या तऱ्हेला आकडा मिळे. विषम आकड्याचं घरटं फक्त करून बघायला; ते टिकलं, की पुढच्या सम आकड्याची घरटी त्याच तऱ्हेची बांधायची आणि त्यांत अंडी घालायची.

त्या वर्षी चार नंबरची घरटी पार विरली होती आणि अंडी पंधरा दिवसांवर आली होती. पाच नंबरचं मात्र नुसतंच लटकत होतं, कारण वस्तीतल्या म्हाताऱ्या वाघूआबांनी तिकडे फिरकायलाच बंदी केली होती.

“ते अजून पक्कं ठरलेलं नाही,” आबा म्हणाले.

“आत कुणी गेलंच नाही तर ठरणार कसं, आबा?” ठिणगी नावाच्या तरण्या सुगरणीने विचारलं.

“ठरलं की जाऊ.”

ठिणगी सरळ पाचात जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, तळ उसवला आणि ती खाली कोसळली. पाण्याला टेकायच्या आत तिने पंख उघडले.

“बघ. आत अंडी असती म्हणजे?” आबा कडाडले.

“म्हणून तर अंडी नव्हती,” ती म्हणाली आणि दुहेरी तळ विणायला लागली. पुढच्या वाऱ्यात तो टिकला.

पंधराव्या दिवशी सहा नंबरच्या घरट्यांत अंडी आली. “मी म्हणतच होतो,” आबा सगळ्यांना सांगत सुटले.

ठिणगी तोवर नवं घरटं लटकवत होती. “आबा, सातात झोपायला येता?”

“आणि तळ उसवला तर?”

“तर आठात उसवणार नाही.”