झुंबर दाजींबरोबर बंदर बघायला जातो

उंबरपिंपरी नावाच्या गावात झुंबर नावाचा एक भोळा मेव्हणा होता. मेव्हणा नगराध्यक्षांचा, म्हणून त्याला दुसरं काम नव्हतं.

एकदा नगरपरिषदेने ठरवलं, गावाला सांस्कृतिक वळण लावायचं. त्यासाठी कॅरिबियन समुद्राकाठचं सान मातेओ हे जुनं बंदर बघून यायचं. तिथली कला म्हणे जगात नावाजलेली. शिष्टमंडळात नगराध्यक्ष, म्हणजे झुंबरचे दाजी, दाजींच्या घरची मंडळी, आणि लोककलावंत म्हणून झुंबर. त्याला कुठली कला येते, हे कोणी विचारलं नाही. तिथल्या महापौरांशी मैत्रीचा करार झाला की दाजींची आमदारकी पक्की होती. म्हणून विमानातच त्यांनी झुंबरला बजावलं, मी सांगेन तसंच वागायचं.

तटबंदीजवळच्या चौकात घोड्यावर बसलेला एक पितळी सरदार होता. झुंबरने त्याला रामराम घातला. उत्तर येईना, म्हणून तो ऊन उतरेपर्यंत तिथेच थांबला. दाजी वैतागले. म्हणाले, "अरे, जो हलत नाही तो पुतळा. पुतळ्याला हार घालायचा, हात जोडायचे आणि पुढे चालायचं."

झुंबरने ध्यानात ठेवलं.

पुढच्या गल्लीत एक माणूस अंगाला चंदेरी रंग फासून, पुढ्यात टोपी उलटी ठेवून, लोकांना खेळ दाखवायला दगडासारखा उभा होता. महापौरांसाठी आणलेला चंदनाचा हार झुंबरने त्याच्या गळ्यात घातला. तो माणूस शिंकला. झुंबर बोंब मारत पळाला तो एका फळवालीच्या पाटीत जाऊन पडला. दाजींनी पपयांची भरपाई केली आणि समजावलं, "तो जिवंत माणूस आहे. पोटासाठी उभा राहतो. टोपीत नाणं टाकलं की हलतो."

हेही झुंबरने ध्यानात ठेवलं.

संध्याकाळी नगरभवनात स्वागत होतं. राष्ट्रगीत लागलं. महापौर टोपी काढून, हातात उलटी धरून ताठ उभे राहिले. पापणीसुद्धा लवेना. झुंबरला गलबलून आलं. एवढा म्हातारा माणूस, आणि पोटासाठी ही वेळ. त्याने टोपीत नाणं टाकलं. नेमकं तेव्हाच राष्ट्रगीत संपलं आणि महापौर हलले. झुंबरने टाळ्या वाजवल्या.

महापौर मोठ्या मनाचे, हसून गेले. दाजींनी मात्र झुंबरला खांबाआड ओढलं आणि दातओठ खात म्हणाले, "मोठ्या माणसाला काही द्यायचं तर असं चारचौघांत देतात का? आतल्या खोलीत, दार लावून द्यायचं."

थोड्या वेळाने महापौरांनी मखमली तबकातून शहराची मानाची चांदीची किल्ली आणली. कॅमेरे सरसावले. दाजींनी दोन्ही हात पुढे केले. एवढ्यात झुंबर मध्ये घुसला आणि त्याने तबकावर आपलं उपरणं टाकलं.

"चारचौघांत नको," तो महापौरांना म्हणाला. "आमचे दाजी जे घेतात ते आतल्या खोलीत, दार लावून."

दुभाषी वसुंधराबाई मूळच्या साताऱ्याच्या. त्यांनी दाजींकडे पाहिलं, जरा घुटमळल्या, आणि शब्दन् शब्द महापौरांना सांगितला. त्यांची नेमणूकच त्यासाठी होती.

 दाजींनी पुढे केलेले हात मागे घेतले. मग मागून एका वार्ताहराने वसुंधराबाईंमार्फत विचारलं, ही आतली खोली आहे तरी कुठे?

झुंबरला धन्य वाटलं. आल्यापासून पहिल्यांदाच कोणी त्याला काही विचारत होतं. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं, नीट सावकाश सांगितलं, "आमच्या दाजींच्या बंगल्यात, देवघराच्या मागे. कपाट सरकवलं की दार दिसतं."