कोऱ्या फळ्यांचं दुकान

फळ्यांना हात लावू नका. लांबून बघा.

आंबेदऱ्याच्या या पेठेत दुकानं फळ्यांनी बंद होतात, आणि प्रत्येक फळीवर त्या दुकानाचा मालक रंगवलेला असतो. तेली घाण्याजवळ, कासार बांगड्या पुढ्यात मांडून, वाणी तराजू धरून. ते बघायला लोक लांबून येतात, खातात, राहतात, जाताना काही घेऊन जातात. पेठ त्यावरच जगते. फक्त शेवटच्या दुकानाच्या फळ्या कोऱ्या आहेत. ते दुकान जिनगराचं. त्याची हकीकत वडिलांनी मला सांगितली, तेवढीच मी सांगतो. माझ्या पदरचं काही घालत नाही.

पूर्वी घाटातून मिठाचे बैल याच वाटेनं वर येत. मग पलीकडून नवा घाट फुटला आणि तांडे तिकडून जाऊ लागले. पेठेतली दुकानं एकामागून एक बंद झाली. शेवटी म्हाळोजी जिनगर तेवढा उरला. खोगिरं शिवणं आणि ती रंगवणं हा त्याचा धंदा.

त्याची बायको तुळजा म्हणाली, "आता खोगीर कुणाच्या पाठीवर घालणार? माझ्या?"

तो म्हणाला, "मी देवीला, पेठजाईला शब्द दिलाय. पेठेतला दिवा मी विझू देणार नाही."

"मग दिव्याशीच बोलत बसा," ती म्हणाली. पोरांना घेऊन ती माहेरी निघाली. वेशीवर मात्र थांबली. "पेठेत माणसं दिसली की निरोप पाठवा. त्या दिवशी येईन."

म्हाळोजी एकटा राहिला. रोज तिन्हीसांजेला देवीपुढं दिवा लावायचा आणि रिकाम्या पेठेतून घरी यायचा. बोलायला कुणी नव्हतं. म्हणे त्याला स्वतःचा आवाज ओळखू येईना. तेव्हा त्यानं खोगिराचे उरलेले रंग काढले आणि तेल्याच्या फळीवर तेली रंगवला. मग कासार. मग हरबाशेट वाणी. जसे होते तसे रंगवले. हरबाशेट माप करताना पारड्याला अंगठा लावायचा, तो अंगठाही रंगवला. येता-जाता तो त्यांना रामराम घालायचा.

गुराख्यांनी ते पाहिलं आणि गावोगाव सांगितलं. आंबेदऱ्यात आता रंगातली माणसं राहतात, असं लोक म्हणू लागले.

हरबाशेट तणतणत आला. "माझा अंगठा सगळ्या मुलखाला दाखवलास?"

"मुलूख इथं येतो कुठं?" म्हाळोजी म्हणाला.

"पूस तो!"

"दुकान मांडून बसा शेट. सरळ माप करा. मी बघून दुरुस्त करतो."

शेट इरेला पेटला. धान्य आणलं, फळ्या काढल्या, बसला. म्हाळोजीनं घाई केली नाही. वाण्याचा अंगठा सरळ होताना बघायला आसपासची गावं लोटली. आलेल्यांना भूक लागली, म्हणून भडभुंजा आला. कासार म्हणाला, माझं नाक असं नाही. त्यालाही तेच उत्तर मिळालं: दुकान मांडून बस. माल पुढ्यात असल्याशिवाय म्हाळोजी कुंचला उचलायचा नाही. अशी एकेक फळी निघत गेली. बघे आले, गिऱ्हाईक झाले. बाजार भरला.

त्या दिवशी म्हाळोजीनं गाडीवान तुळजाच्या माहेरी धाडला. निरोप एवढाच, की माणसं दिसू लागली.

गाडी रिकामी आली. गाडीवान खाली बघून म्हणाला, "वहिनी म्हणाल्या, ऐकलंय मी. रंगातली माणसं दिसतात म्हणे तिथं. त्यांच्यात येऊन मी काय करू?"

म्हाळोजीनं पुन्हा गाडी धाडली. तीही रिकामी आली.

हरबाशेट म्हणाला, "तू स्वतः जा. तुला बघून तिला पटेल. दिवा मी लावीन."

"शब्द मी दिलाय, शेट. तुम्ही नाही."

तिचं माहेर लांब होतं. जाऊन तिन्हीसांजेच्या आत परत येणं होत नव्हतं. तो गेला नाही. बरोबर केलं की चूक, ते मला विचारू नका. जिनगर हट्टी असतात. मीही जिनगरच आहे.

कासारीण एकदा म्हणाली, "भावजी, सगळी पेठ रंगवलीत. तुमच्या फळीवर तुळजाबाईंना का काढत नाही?"

तो म्हणाला, "जे येणार नाहीत असं वाटलं, त्यांना काढलं."

पुढं बाजाराच्या दिवशी तो वेशीवर उभा राहून तिच्या माहेराच्या दिशेनं ओरडू लागला. "पेठेत माणसं आहेत!" आधी लोक हसले. मग हसायचे थांबले. एका बाजाराला तो उठला नाही. तेव्हा हरबाशेट वेशीवर गेला आणि त्यानं हाक दिली. तुळजा आली नाही. तिचं पुढं काय झालं, हे कुणी सांगत नाही.

आजही बाजाराच्या दिवशी कुणी आधी विक्री करत नाही. फळ्या निघतात. सगळे दुकानदार रस्त्यावर येऊन उभे राहतात. एक जण वेशीवर जाऊन ओरडतो, "पेठेत माणसं आहेत!" मग सगळे गप्प उभे राहतात, वाटेकडं बघत. उत्तर यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ. मग कुणीतरी तराजू उचलतो.