ठमाईची बोटं

आसणवाडीच्या म्हशी मालकाच्या हाकेपेक्षा पाव्याचं जास्त ऐकायच्या, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट आहे. ऐकायची असेल तर नीट बसा, मध्ये उठायचं नाही.

आसणवाडी ही डोंगराच्या कुशीतली गवळ्यांची वस्ती. वर माथ्यावर मोठं सपाट गवताळ रान आहे, त्याला सडा म्हणतात. सड्याच्या तीन अंगांना सरळ तुटलेले कडे, आणि खाली यायला एकच अरुंद खिंड. रोज संध्याकाळी ठमाई नावाची म्हातारी खिंडीच्या तोंडाशी उभी राहून पाव्यावर घरची धून वाजवायची. धून ऐकली की सड्यावरच्या म्हशी चरणं सोडून एकामागे एक खाली उतरायच्या. असं म्हणतात, की पोटातल्या पारडालाही ती धून ओळखू यायची.

ठमाई पावा शिकवायची, पण तिची रीत जगावेगळी. नव्या माणसाला ती नुसती बांबूची नळी द्यायची. फुंकायला एक जागा, बाकी भोक एकही नाही. वर्षभर त्यातच फुंकायचं. दम स्थिर झाला की ती कान देऊन ऐकायची, आणि त्या माणसाच्या फुंकरीला जो सूर खरा लागेल त्याचंच भोक तापलेल्या सळईने पाडून द्यायची. तो पक्का झाल्याशिवाय दुसरं भोक नाही. लोक हसायचे. ‘हिच्याकडे पावा शिकायला जावं तर नातवाच्या लग्नात वाजेल,’ असं म्हणायचे. हसणाऱ्यांचं काय जातं?

तिच्या सगळ्या शिष्यांत पुरा पावा एकाच्याच हाती होता, तो म्हणजे तिचा मुलगा हैबती. सुभाना नावाचा एक तरणाबांड गडी होता, त्याला दोन भोकं मिळाली होती आणि तिसऱ्यासाठी तो रोज भांडायचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा त्याचा स्वभाव. आणि सगळ्यांत नवी शिष्या म्हणजे ठमाईची सून, हैबतीची बायको चिमा. तिच्या नळीला अजून एकही भोक नव्हतं.

“आत्याबाई, दिसभर चुलीशी फुंकते आन सांजंला हितं फुंकते,” चिमा कुरकुरायची. “फरक काय झाला?”

“हितं धूर न्हाई,” ठमाई म्हणायची आणि हसत सुटायची.

त्या वर्षी थंडीत ठमाईची छाती बिघडली. चार पावलं चालली की धाप लागायची. घरची धून तिने हैबतीवर सोपवली, आणि तेव्हापासून खिंडीशी तोच ती वाजवू लागला.

फाल्गुनात सड्यावरचं गवत वाळून कोळ झालं होतं. एका दुपारी हैबती आणि बरेचसे गवळी म्हशी घेऊन वर गेले असताना पलीकडच्या कड्याच्या कपारींतल्या वाळक्या झुडपांतून वणवा चढला. वारा फिरला आणि बघता बघता सगळा सडा धुराने भरून गेला. खालची सगळी वाडी खिंडीच्या तोंडाशी धावली, ठमाईही काठी टेकत, चिमाच्या आधाराने आली. पाहणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वरून माणसांचं खोकणं ऐकू येत होतं, म्हशींचं रेकणं ऐकू येत होतं, पण दिसत काहीच नव्हतं. हाका मारल्या तर त्या कड्यांवर आपटून चहूकडून परत येत. वरच्या माणसाला खिंड कुठे आणि कडा कुठे, काही उमगेना. म्हशी घाबरून शिंगं बाहेर करून गोल उभ्या राहिल्या होत्या. त्या जागच्या हलल्या तर फक्त घरच्या धुनेनेच हलणार होत्या, आणि ती धून खालून, खिंडीच्या तोंडाशीच वाजायला हवी होती. वाजवणारा हैबती तर वर धुरात अडकलेला.

तेवढ्यात सुभाना पुढे आला. त्याच्या हातात पुऱ्या भोकांचा पावा होता. घरी चोरून त्याने स्वतःच भोकं पाडली होती.

“सरका, मी वाजवतो!” तो म्हणाला आणि वाजवू लागला.

धून होती घरचीच, पण निम्मे सूर खोटे. सवय नसलेली बोटं भलत्याच जागी पडत होती. वर म्हशी हलल्या. लोकांना वाटलं, आल्या! पण रेकणं जवळ यायच्या ऐवजी बाजूला सरकू लागलं, कड्याच्या अंगाला. मग दगड गडगडल्याचा आवाज झाला आणि एक म्हैस ओरडत खाली गेली. तो ओरडा ऐकणारी माणसं मरेपर्यंत विसरली नाहीत.

ठमाईने काठीच्या एका फटक्यात सुभानाचा पावा उडवला. आता ही मारणार, असं सगळ्यांना वाटलं.

“तुजे दोन सूर खरे हायेत,” ठमाई म्हणाली. “त्येवढेच वाजीव.”

मग तिने सगळ्या शिष्यांना खिंडीच्या तोंडाशी ओळीने उभं केलं. कुणाच्या पाव्याला एक भोक, कुणाच्या दोन. ज्याचा जो सूर, तो त्याने काठीच्या खुणेसरशी वाजवायचा. ठमाई काठी फिरवू लागली आणि तुकड्यातुकड्यांनी धून उभी राहिली. वर रेकणं थांबलं. म्हशी ऐकत होत्या.

पण एक सूर कुणाकडेच नव्हता. वरचा लांब सूर, ज्यावर म्हशी खिंडीकडे वळायच्या. तो हैबतीकडे होता आणि ठमाईकडे. ठमाईने आपला जुना पावा ओठाला लावला, पण सूर निघायच्या आत खोकल्याने ती दुमडली. धुनेत तिथे खड्डा पडला आणि वर म्हशी पुन्हा बिथरल्या.

ठमाईने चिमाला ओढून जवळ घेतलं. स्वतःचा पावा तिच्या ओठांशी धरला आणि भोकांवर आपली बोटं ठेवली.

“आत्याबाई, मला एक बी सूर येत न्हाई!”

“बोटं माजी हायेत. तू नुसती फुंक.”

चिमाने फुंकलं. वर्षभराचा दम त्या फुंकरीत होता. सूर निघाला तो सरळ, लांब, कुठेही न डगमगता धुरात शिरला. आणि वर जमीन धडधडली. म्हशी वळल्या होत्या.

पहिली म्हैस खिंडीतून बाहेर आली तेव्हा तिच्या शेपटीला एक माणूस लटकला होता, डोळे मिटलेले, तोंडाला धोतर गुंडाळलेलं. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. बायका आपापला माणूस ओळखून धावत होत्या. हैबती दिसत नव्हता. चिमाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तशी तिची फुंकर कापली.

“रडायचं मागनं,” कानाशी ठमाई पुटपुटली. “आदी फुंक.”

त्यानंतर ठमाई काही बोलली नाही. काठी केव्हाच खाली पडली होती, पण शिष्यांना आता खूण लागत नव्हती. धून फिरत राहिली, चिमा फुंकत राहिली, आणि तिच्या फुंकरीखाली ती बोटं अचूक उठत होती, अचूक टेकत होती. ज्वाळा खिंडीच्या माथ्यावर दिसू लागल्या तेव्हा शेवटची लंगडी म्हैस बाहेर आली, आणि तिला मागून रेटत हैबती.

चिमाने पावा सोडला, तरी तो खाली पडला नाही. ठमाईची बोटं त्यावर तशीच होती. ती एकेक करून सोडवावी लागली, आणि तेव्हा चिमाला कळलं की ती गार आहेत. नुकती गार झालेली नव्हेत. असं म्हणतात, की पहिली म्हैस खिंडीतून आली तेव्हाच ठमाई गेली होती. मी तिथे नव्हतो आणि तुम्हीही नव्हता. पण चिमाने जन्मभर तेच सांगितलं, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

आजही आसणवाडीत पहिला सूर कुणी एकट्याने वाजवत नाही. दर फाल्गुनात गाव खिंडीच्या तोंडाशी जमतं. वर्षभर बिनभोकाची नळी फुंकलेला नवा माणूस मधे उभा राहतो, आणि कुणीतरी जाणता त्याच्या ओठांशी आपला पावा धरून भोकांवर बोटं ठेवतो. सूर खरा लागेपर्यंत धारा काढायच्या नाहीत, असा नेम आहे. म्हशी तटतटलेल्या कासेने उभ्या राहतात, पोरं भुकेने किरकिरतात, पण कुणी हसत नाही की घाई करत नाही.

सूर लागला तरी जाणता हात काढून घेत नाही. शिकणाऱ्यानेच ती बोटं एकेक करून सोडवायची असतात. सोडवताना ती गार आहेत की ऊन, ते तो चाचपून बघतो, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, “ऊन हायेत!”

तेव्हा कुठे गाव धारा काढायला जातं.